मासे पंधरा तारखेलाच येतात

आमच्या कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे चढणीचे मासे दर वर्षी मार्चच्या पंधरा तारखेला येतात, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. गेल्या एकोणीस वर्षांत, एक अपवाद सोडला तर, यात फार तर दोन-तीन मिनिटांचा फरक पडला असेल. आमच्यापैकी एकही माणूस एवढ्या वर्षांत इतका वेळेवर कामावर आलेला नाही, त्यामुळे कार्यालयात माशांविषयी एक दबलेला आदर आहे.

हे मासे मूळचे समुद्रातले. थंडी ओसरली, नदीच्या गोड्या पाण्याला ऊब आली, की अंडी घालायला ते नदीत वर चढतात. बापजाद्यांपासून चढत आले असणार. मध्येच आम्ही बंधारा घातला. मग आम्हालाच वाईट वाटलं आणि बंधाऱ्याच्या कडेने त्यांच्यासाठी एक जिना बांधला: सिमेंटच्या चाळीस पायऱ्या, त्यांवरून खळाळत उतरणारं पाणी, आणि अगदी खाली एक लोखंडी फाटक. कागदोपत्री त्याला ‘मत्स्यसोपान’ म्हणतात. हा शब्द मी कारकून म्हणून काही हजार वेळा टाइप केला आहे. बोलताना मात्र साहेबसुद्धा ‘जिना’च म्हणतात.

जिन्यातून पाणी वाहून जातं आणि ते शहराला प्यायला लागतं, म्हणून हंगाम सोडून फाटक बंद. हंगाम कधी सुरू होतो? पंधरा तारखेला. पंधराच का, तर मासे पंधरालाच येतात. ते पंधरालाच येतात हे कशावरून, तर नोंदवहीवरून. नोंदवहीत मासा कधी चढतो? जिन्याच्या बाजूला मोजणीची खोली आहे, तिच्या काचेसमोरून तो गेला की. काचेसमोरून कधी जातो? फाटक उघडल्यावर.

हे असं एकाखाली एक लिहिलं की शाळेतल्या पोरालाही कळतं. मला कळायला एकोणीस वर्षं लागली, आणि ती सगळी पत्रकं मीच टाइप केलेली आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा काखेतच होता, आणि वळशाचा प्रवासभत्ताही आम्ही घेत होतो. पहिल्या वर्षी पंधरा तारीख का ठरली तेही मला ठाऊक आहे. उद्घाटनाच्या पाहुण्यांना त्याआधी सवड नव्हती.

फाटकावर माझी वहिनी होती. तिच्याआधी थोरला भाऊ. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं, त्याला बारा वर्षं झाली होती. बंधाऱ्याच्या टोकाला दोन खोल्यांचं सरकारी घर, एका भिंतीपलीकडे मोजणीची खोली, दुसऱ्या भिंतीपलीकडे नदी. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तोवर ते घर तिचं, आणि त्यानंतरची सोय करायला तिला तेवढाच वेळ होता. म्हणजे नोकरी सांभाळायचं वय होतं तिचं, शौर्य गाजवायचं नव्हे.

चार तारखेला सकाळी तिचा फोन आला.

“भावजी, मासे आलेत.”

“वहिनी, आज चार तारीख आहे.”

“बरं. सांगते त्यांना.”

“नाही म्हणजे, थोडे असतील. चुकून आले असतील.”

“डोह भरलाय. पाण्यापेक्षा मासे जास्त आहेत. यंदा थंडी पडलीच कुठे? पाणी केव्हाच तापलंय. साहेबांना विचारा, फाटक उघडू का. बंधाऱ्यावरून पाणी ओसंडून वाहतंय, शहरात कुणी तहानेनं मरत नाही.”

“आधी कधी असं झालंय?”

“दर वर्षीच होतं. दोन दिवस, तीन दिवस थांबतात बिचारे. तुमच्या भावानंही पाहिलंय. पण अकरा दिवस नाही थांबणार हे. पोटात अंडी आहेत.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोललो की. नोंदवहीत शेरा लिहायला जागा आहे, तिथे दर वर्षी लिहिलंय. कोण टाइप करतं ते?”

मी टाइप करतो. शेरे टाइप करायचे नाहीत, फक्त आकडे घ्यायचे, असा एक जुना आदेश आहे. तोही मीच टाइप केलेला.

आमच्या साहेबांना मागे सगळे ‘सरासरीसाहेब’ म्हणतात. माणूस वाईट नाही, पैसे खात नाही, आवाज चढवत नाही, फक्त डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नाही. बाहेर पाऊस पडत असेल तर ते आधी तक्ता बघतात आणि मग छत्री घ्यायची की नाही ते ठरवतात. मी जाऊन सांगितलं. त्यांनी कपाटातून एकोणीस वर्षांचा तक्ता काढला आणि माझ्यासमोर पसरला.

“वाचा. पंधरा, पंधरा, पंधरा. एकदा सोळा. त्या वर्षी काय झालं होतं?”

“किल्ली सापडत नव्हती, साहेब.”

“तो अपवाद. बाकी सगळं रेषेत. निसर्गाची शिस्त म्हणतात ती ही. आणि तुमच्या वहिनी म्हणतात की एकोणीस वर्षं चुकीची आणि त्यांची एक सकाळ बरोबर?”

“साहेब, फाटक पंधराला उघडतं म्हणून ते पंधराला—”

“तुम्ही कारण आणि परिणाम यांची गल्लत करताय,” ते शांतपणे म्हणाले. “मासे येतात म्हणून आपण उघडतो. आपण उघडतो म्हणून ते येत नाहीत. त्यांना काय निमंत्रणपत्रिका पाठवतो आपण?”

याला उत्तर आहे. ते मला जेवणाच्या सुट्टीत, तिसऱ्या घासाला सुचलं.

त्याच आठवड्यात कार्यालयाने एक माहितीपत्रक काढलं होतं, ‘वसंत ऋतूतील वन्यजीवभेटी: काय करावे, काय करू नये’. या दिवसांत नदीकाठी लोकांना पिल्लं दिसतात, घरटी दिसतात, आणि लोक माया करायला जातात. म्हणून: पिल्लू एकटे दिसल्यास उचलू नये, त्याची आई जवळच असते. पाणमांजर दिसल्यास तीस पावलांचे अंतर राखावे. घरट्याजवळ रेंगाळू नये. कोणत्याही परिस्थितीत निसर्गाच्या कामात हस्तक्षेप करू नये. चांगलं पत्रक होतं. माझ्या हातून टाइप झालेल्या मोजक्या शहाण्या कागदांपैकी एक. साहेबांनी त्यातल्या शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि वहिनीला द्यायचं पत्र सांगायला सुरुवात केली.

“लिहा. डोहात जमा झालेले मासे हे वन्यजीव असून, सोबतच्या पत्रकातील कलम आठनुसार, त्यांच्या बाबतीत फाटक उघडणे हा हस्तक्षेप ठरेल.”

मी बोटं उचलून थांबलो. “साहेब, फाटक बंद ठेवणं हा हस्तक्षेप नाही का?”

“बंद तर ते आहेच,” साहेब म्हणाले. “जे आहे त्याला हस्तक्षेप कसं म्हणणार?”

पत्र हातोहात द्यायचं होतं. सहा तारखेला दुपारी मी बंधाऱ्यावर गेलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिथे मी सात-आठ वेळाच गेलो असेन, तेही पंधरा तारखेला, इस्त्रीचे कपडे घालून.

वास आधी आला. मग आवाज. भिंतीवर कुणीतरी ओले टॉवेल आपटत असावं तसा थप, थप, थप. बंधाऱ्याच्या पायथ्याचा डोह चंदेरी झाला होता आणि हलत होता. हातभर लांब मासे पाण्यातून उडी घेत, सिमेंटवर आदळत, खाली पडत, परत उडी घेत. काहींची तोंडं फाटली होती. काही कडेला उलटे तरंगत होते. डोहाच्या काठाने पाणकावळे ओळीने बसले होते, पंगतीत बसावं तसे, आणि पंगत केव्हाच संपून आता नुसती चव घेणं चाललं होतं. एका खडकावर पाणमांजर उताणं पडलं होतं, पोट फुगलेलं, शेजारी अर्धा खाल्लेला मासा. माझी चाहूल लागली तर त्याने फक्त मान वळवली. तीस पावलांचं अंतर मी राखलं; त्याला त्याची पर्वा नव्हती.

वहिनी फाटकाच्या चाकाजवळ, उलट्या घातलेल्या बादलीवर बसली होती. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात जुन्या सदऱ्याचं फडकं. काच पुसून आली होती.

“काच कशाला पुसली?” मी विचारलं. “फाटक तर बंद आहे.”

“पाहुणे दारात आलेत. घर झाडायला नको?” तिने पत्र घेतलं, पुसल्या हातांनी उघडलं, वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली. “हे तुम्ही लिहिलंत?”

“टाइप केलं.”

“म्हणजे लिहिलं दुसऱ्यानं आणि वाचलं कुणीच नाही.”

ती उठली आणि मला डोहाच्या खालच्या अंगाला घेऊन गेली. तिथे ओहोटीने उघडा पडलेला दगडांचा पट्टा होता आणि दगडांवर पिवळसर रवा सांडल्यासारखं काहीतरी चिकटलं होतं.

“अंडी,” ती म्हणाली. “कालपासून टाकायला लागलेत. कळ निघेनाशी झाल्यावर काय करतील? संध्याकाळी भरतीचं खारं पाणी इथपर्यंत येतं. ती अंडी गोड्या पाण्यातली आहेत, भावजी. खाऱ्यात एक जगत नाही. वर चढले असते तर पोरं झाली असती.”

“पंधरापर्यंत किती उरतील?”

“पंधराला तुम्ही या इस्त्री करून. काचेसमोर स्वच्छ पाणी दिसेल. अगदी स्वच्छ.”

मला राग आला, आणि गंमत म्हणजे तो आधी तिचाच आला. सुखाची दीड वर्षं उरलेली असताना ही बाई मला हे दाखवतेच का, असा. पत्र दिलं, पोच घेतली, निघालो असतो. मग माझ्या लक्षात आलं की हा तर आमच्या कार्यालयाचाच राग आहे, तो घालून घालून अंगाला बसला आहे.

तिने खिशातून किल्ली काढली.

“वहिनी, पत्र मिळालंय तुम्हाला. पोच माझ्याकडे आहे. पत्र मिळाल्यावर उघडलंत तर सरळ आदेशभंग. घर जाईल. निवृत्तीचं सगळं अडकेल.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा. उद्या विचारलं तर पाहिलं नाही म्हणायला बरं.”

मी तिकडे तोंड केलं नाही. फार धीराचं काम केलं असं नव्हे, मान वळलीच नाही. तिने कुलूप काढलं आणि चाक फिरवायला घेतलं. वर्षभराचा गंज होता, ते हलेना. मी जाऊन दुसऱ्या बाजूने धरलं. पत्र पोचवायला आलेला माणूस पत्रात मनाई केलेलं काम करत होता, आणि फाटक करकरत वर येत होतं. पाणी जिन्यातून खाली झेपावलं. डोहातली थपथप थांबली. क्षणभर सगळे मासे एका दिशेला तोंड करून स्थिर झाले आणि मग शाळा सुटावी तसे आत घुसले.

वहिनीने नोंदवही उघडली. ‘सहा तारीख, दुपारी दोन वाजून वीस मिनिटे. फाटक उघडले. उघडणारी: मी.’ सही केली. माझं नाव घातलं नाही. मोजयंत्र हातात घेऊन काचेसमोर स्टूल ओढलं आणि अंगठा दाबायला लागली.

आठ तारखेला साहेब स्वतः स्थळपाहणीला आले. कुणी कळवलं माहीत नाही. बहुतेक नोंदवहीनेच, तिची प्रत रोज फोनवर पाठवायची असते. मला सोबत घेतलं, कारण कागद कुणीतरी लिहायला हवा.

साहेबांनी डोहाकडे पाहिलं नाही. ते थेट फाटकाशी गेले. “बाई, हे बंद करा.”

“नियम सात, साहेब,” वहिनी म्हणाली. “जिन्यात मासा असताना फाटक बंद करू नये. मध्ये सापडतो, चिरडतो. तुमच्या आधीच्या साहेबांनी केलाय नियम. भिंतीवर लावलाय.”

खरंच लावला होता, काचेच्या चौकटीत.

“जिन्यात मासा असू शकत नाही. आज आठ तारीख आहे.”

“मग तसं लिहून द्या. जिना रिकामा आहे, असं. मी लगेच बंद करते.”

साहेबांनी विचार केला. सरळमार्गी माणसं लिहिण्याआधी विचार करतात, हे त्यांचं मोठेपण. मग ते माझ्याकडे वळले. “तुम्ही आत जा, खात्री करा, आणि लिहा. ‘जिना रिकामा असल्याची खात्री केली.’ खाली सही. आणि बाई, तुमचं काय होईल ते मी सौम्य करायचा प्रयत्न करतो. मासे आलेच नाहीत, भ्रम झाला, फाटक चुकून उघडलं गेलं, असं निवेदन द्या. मासे नाहीत तर गुन्हाही नाही. दीड वर्ष राहिलंय तुमचं. समजून घ्या.”

“माझं दीड वर्ष राहिलंय,” वहिनी म्हणाली. “त्यांचे चार दिवस.”

मी मोजणीच्या खोलीत गेलो. खोली म्हणजे एक स्टूल, एक टेबल, आणि भिंतीएवढी जाड काच. बाकी अंधार. काचेपलीकडे हिरवं पाणी वरून खाली धावत होतं आणि त्यात मासे खालून वर. मी मत्स्यसोपान हा शब्द हजारो वेळा टाइप केलेला माणूस. मासा चढताना इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. पंधरा तारखेला गर्दीत पाहुण्यांच्या डोक्यांमागून थोडंसं शेपूट दिसतं. इथे डोळा दिसत होता. फाटलेलं तोंड दिसत होतं. एक जण पायरीवर मागे फेकला जायचा, थांबायचा, परत जोर लावायचा. तिसऱ्या खेपेला गेला. मी मोजयंत्र घेतलं आणि मोजत बसलो. बाहेरून साहेबांनी दोनदा हाक मारली.

मग टेबलावर कागद ओढून लिहिलं: ‘आज आठ तारीख. सकाळी अकरा ते सव्वाअकरा या वेळात जिन्यातून चढणीचे मासे एकशे त्रेचाळीस. मी पाहिले.’ सही केली. हस्ताक्षर माझं बरं आहे.

साहेब दारात आले. खोलीच्या आत एक पाऊल, काचेकडे पाठ. कागद वाचला.

“हे काय?”

“खात्री, साहेब.”

“तारीख चुकलीय.”

“तुमच्या घड्याळातही आठच आहे.”

“हे दुसरे कुठले तरी मासे असतील.”

“मागे बघा की. आपले आहेत की दुसऱ्याचे, तुम्हाला ओळखता येतील.”

ते वळले नाहीत. पाण्यातून येणारा उजेड त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर हलत होता आणि त्यातून एकेक सावली खांद्याकडे चढत जात होती. एक गेली, दुसरी गेली, मग तीन एकदम. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं होतं, निदान कुतूहलाने तरी मान फिरेल. लहान पोराची फिरली असती. कुत्र्याची फिरली असती.

“मी बघितलं,” ते हळू आवाजात म्हणाले, “तर मला लिहावं लागेल.”

चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य. त्याबद्दल त्यांचा आदर वाटावा की कॉलर धरावी, ते मला कळेना. दोन्हींसाठी आमच्याकडे छापील नमुना नाही.

रिकामा जिना कुणी लिहून देईना, म्हणून फाटक बंद होईना. साहेबांनी मुख्यालयाकडून मार्गदर्शन मागवायचं ठरवलं. पत्र गाडीतच तोंडी सांगितलं, दीड पानाचं, आणि म्हणाले, “आजच पाठवा.”

मी टाइप करायला बसलो. ‘मत्स्यसोपान’ या शब्दावर माझी बोटं अडखळू लागली. नऊ तारखेला शाई संपली. दहाला मी रजेवर. बाराला जावक क्रमांकाच्या वहीत पान उरलं नव्हतं, नवी वही मागवावी लागते, तिचा अर्ज वेगळा. मार्गदर्शन मागणारं पत्र सोळा तारखेला निघालं. उत्तर आलं की हंगाम आता सुरू झाला असल्याने मार्गदर्शनाचा प्रश्न उद्भवत नाही.

पंधराला पाहुणे आले. त्यांना काचेसमोर मागे राहिलेले चार-दोन मासे दिसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचं सगळं कार्यालयासारखंच झालं. सहा ते चौदा तारखेपर्यंतचे सहा हजार नऊशे बारा मासे वार्षिक तक्त्यात ‘अवेळी’ म्हणून वेगळे काढले गेले आणि सरासरीत धरले नाहीत. तारीख पंधराच राहिली. माझ्या एकशे त्रेचाळीसांचा कागद माझ्याच सेवापुस्तकाला टाचला, त्यापायी माझी एक वेतनवाढ गेली. वहिनीचा खुलासा असमाधानकारक ठरला. तिची बदली मुख्यालयाच्या कोठारात झाली, नटबोल्टांवर लक्ष ठेवायला, आणि घर उन्हाळा सरता सरता रिकामं करायचा आदेश आला. ती दीड वर्ष आमच्या पुढच्या खोलीत काढणार.

आवरायला मी गेलो तेव्हा खोके बाहेर काढून ठेवले होते. नवा फाटकवाला नोंदवही घेऊन मोजणीच्या खोलीत बसला होता. तरुण नव्हता, दुसऱ्या बंधाऱ्यावरून आलेला अनुभवी माणूस. त्याने आतूनच हाक मारली.

“वहिनी, जरा या. काचेवर काहीतरी आहे. साफ करू का?”

आम्ही दोघं गेलो. काचेपलीकडे, पाण्याच्या धारेबरोबर, वरून खाली बोटाएवढी पोरं चालली होती. काचेसारखीच पारदर्शक, नुसते डोळे आणि पाठीचा कणा. मोजणं शक्यच नव्हतं. पाणीच डोळे उघडून समुद्राकडे निघालं होतं.

“हे कुठे लिहू?” नव्या माणसाने विचारलं. “इथे फक्त वर जाणाऱ्यांचा रकाना आहे.”

“शेऱ्यात लिहा,” वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. “टाइप करणारे भावजी बसलेत.”